थोरल्या साडूची खोली

नाही, मला एक सांगा, स्वयंपाकघरात डुलती खुर्ची कोण ठेवतं? दूध तापत ठेवायचं आणि ते उतू जाईपर्यंत डुलत बसायचं, असं काही असतं का? हॉलमध्ये ठेवतात, गॅलरीत ठेवतात, अगदीच डोकं फिरलेला माणूस असेल तर झोपायच्या खोलीत ठेवेल, पण स्वयंपाकघरात? आणि ठेवायचीच होती ना, तर मी स्वयंपाकघर निवडलं होतं त्या वेळी ठेवायची! त्या वेळी मला काय मिळालं? बरण्या. झाकणं न उघडणाऱ्या बरण्या, आणि आत काय आहे ते बाहेरून कळू नये इतक्या जुन्या. आणि धाकट्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, तर तिथे खुर्ची. शिसवी. गादीसकट! पण मी जळत नाही हं. आधीच सांगून ठेवतो. जळणारा माणूस वेगळा दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, हा धाकटा कोण? माझा साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी थोरला, तो धाकटा, आणि आम्ही दोघं मिळून धंदा करतो तो असा, की भाडेकरू घर सोडून जातात ना, ते जाताना अर्धं घर मागेच ठेवून जातात, ते आम्ही उचलतो. तुम्हाला सांगतो, माणसं काय काय सोडून जातात! पलंग सोडतात, गाद्या सोडतात, लग्नाचे फोटो सोडतात... फ्रेम घेऊन जातात आणि फोटो सोडतात! मालक त्यांना फोन करतो, "अहो, तुमचं सामान राहिलंय." ते म्हणतात, "टाका हो, नको आम्हाला." मग मालक आम्हाला फोन करतो आणि म्हणतो, काय करायचं ते करा, मला घर रिकामं हवंय. मग आम्ही जातो, झाडून पुसून घर रिकामं करतो, भंगार भंगारवाल्याकडे, कुणाच्या कामाचं असेल ते त्याला, आणि एखादी बरी वस्तू निघाली तर ती आमची.

आमची म्हणजे कुणाची, इथेच तर सगळी गोम आहे! भांडणं नकोत म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. दारं बंद असतानाच खोल्या वाटून घ्यायच्या. आत डोकवायचं नाही, मालकाला विचारायचं नाही. खोली ज्याची, साफसफाई त्याची, आणि आत निघेल ती वस्तूही त्याची. आणि निवडायचा पहिला मान? थोरल्याचा! माझा! हे धाकट्यानेच सुचवलं. "दादा, तुम्ही मोठे, आधी तुम्ही." काय बरं वाटलं म्हणून सांगू मला. म्हटलं, पोरगा वळणाचा आहे.

कसलं वळण हो! मी हॉल निवडला, तर हॉलमध्ये रद्दी आणि पेडल नसलेली व्यायामाची सायकल, आणि आतल्या खोलीत त्याला पितळेचा उभा दिवा. मी आतली खोली निवडली, तर तिथे स्प्रिंगा बाहेर आलेली गादी, जी उचलताना माझ्या पोटात घुसली, आणि हॉलमध्ये त्याला भिंतीवरचं घड्याळ, तासाला ठोके देणारं. आता कधीही त्यांच्याकडे गेलो की ते घड्याळ बरोबर मी बसल्या बसल्या ठोके देतं. आणि धाकटी, माझी मेव्हणी, मान डोलावत म्हणते, "भावोजी, ऐकलंत? किती गोड आवाज आहे ना!" ऐकलं बाई. मी बहिरा थोडाच आहे?

आणि आमच्या घरात काय आहे, तर एक चषक आहे. पोहण्याच्या स्पर्धेचा पहिला क्रमांक. कुणाचा, देव जाणे. मला अंघोळीच्या बादलीतल्या पाण्याची भीती वाटते, पण नवीन पाहुणा आला की चषकाकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे बघतो, आणि म्हणतो, "अरे वा, तरुणपणी पोहायचात वाटतं!" बायको त्या चषकात कपड्यांचे चिमटे ठेवते. मासे पाळायची एक फुटकी काचेची पेटी आहे, त्यात कांदे ठेवतो. हे आमचं वैभव! पण मी जळत नाही हं. मी फक्त मोजमाप घेणारा माणूस आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांना कमीजास्त चटकन दिसतं, एवढंच.

मोजमापावरून आठवलं. आमच्या धंद्यात पहिला धडा काय? आधी जिना मोजायचा, मग वस्तू उचलायची. अहो, लोक वस्तू सोडून का जातात? त्या वस्तूंवर त्यांचा जीव नसतो असं नाही. नव्या घरात ती जात नाही म्हणून सोडतात! दारातून जात नाही, जिन्यातून वळत नाही. मी त्यांना किती हसलोय! म्हटलं, काय अडाणी लोक आहेत, घेण्याआधी जिना मोजता येत नाही? माझ्या कमरेला टेप कायम लटकलेली असते. झोपतानासुद्धा काढायची विसरतो कधीकधी. बायकोला विचारा.

आता बायकोचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. तिने लग्नानंतर माझ्याकडे काही मागितलं असेल तर एकच वस्तू. आरसा. पण साधा नाही, अख्खा! पायापासून डोक्यापर्यंत दिसेल असा. आमच्याकडे काय आहे, तर माझा दाढीचा आरसा, ताटलीएवढा, बेसिनच्या वर खिळ्याला. त्यात तिला चेहरा दिसतो. मग खालचं बघायचं तर ती स्टुलावर चढते, म्हणजे मधलं दिसतं. पावलं बघायची तर आरसा काढून जमिनीवर ठेवायचा. म्हणजे बघा, माझी बायको आजवर स्वतःला हप्त्याहप्त्याने भेटत आलीय. कुठे समारंभाला जायचं असलं की मला विचारते, "कशी दिसते मी?" मी म्हणतो, "छान." ती म्हणते, "तुम्ही न बघताच म्हणता." तेही खरं. मग ती गप्प बसते. बोलली असती तर चाललं असतं, तुम्हाला सांगतो, पण ती गप्प बसायची आणि ते मला खायचं. घराघरांतून सामान उचलणारा मी, आणि हिला एक आरसा आणून देता येऊ नये? विकत घ्यायला निघालो की म्हणायची, "कशाला? तुम्हाला एक दिवस सापडेल की." बघा ना, तिला खात्री होती माझी! भावोजींना दिवा सापडतो, घड्याळ सापडतं, मग माझ्या नवऱ्याला आरसा का नाही सापडणार... असं ती बहिणीला सांगायची. म्हणजे अब्रूच टांगली होती हो माझी त्या आरशाला!

तर एके सकाळी फोन आला. एक बाई होती, लोकांचे केस कापायची, चेहरे सजवायची, घरातच तिचा धंदा चालायचा. ती दुसरीकडे लहान घरात गेली होती आणि मागे काहीबाही ठेवून गेली होती. आता बघा, केस कापणारी बाई! मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. केस कापणाऱ्या बाईकडे काय असतं? सांगा ना! बरोबर.

पोहोचलो. घरमालक दारातच, निवृत्त गृहस्थ, नाकाला रुमाल. हॉल मोकळा, आणि समोर दोन बंद दारं. डावं आणि उजवं. धाकटा नेहमीसारखा हसत म्हणाला, "दादा, निवडा." आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, थांब गड्या. आजवर याला जे जे मिळालं, ते कुणामुळे? माझ्यामुळे! मी निवडतो, म्हणून उरलेलं त्याला मिळतं. दिवा मी दिला. घड्याळ मी दिलं. त्या शिसवी खुर्चीत तो डुलतो ना, ती डुलवतो मी! म्हटलं, आज उलट करायचं. आज हा निवडेल आणि उरलेलं माझं.

म्हटलं, "आज तू निवड."

"छे छे दादा, तुम्ही थोरले."

"म्हणूनच सांगतोय. निवड."

"बरं नाही दिसत दादा. हिला कळलं तर काय म्हणेल?"

असं सुरू झालं ते संपेचना! तो मला ढकलतोय, मी त्याला ढकलतोय, आणि मालकाला वाटलं आत काहीतरी भयंकर आहे. तो रुमालातून विचारतो, "अहो, त्या बाईंनी आत काही जिवंत सोडलंय का?" शेवटी मीच मोठ्या भावाचा आवाज लावला. म्हटलं, माझा मान ठेवायचा असेल तर निवड. तेव्हा कुठे धाकट्याने बिचकत बिचकत बोट केलं. डावं.

मी उजवं दार उघडलं... आणि तुम्हाला काय सांगू! समोर मी. अख्खा नाही, मधे खोकी होती, पण समोर मीच. लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना कप्पे, कप्प्यांना नाजूक मुठी, आणि मधोमध जमिनीपासून ते माझ्या डोक्याच्या वरपर्यंत आरसा! एक ओरखडा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत. म्हटलं, हिला दिसणार. एका फटक्यात, वरपासून खालपर्यंत दिसणार!

आणि डाव्या खोलीत धाकट्याला काय मिळालं, माहितीय? हँगर. कपडे टांगायचे हँगर, बादलीभर. आणि एक वाळलेलं रोप. मी कान देऊन उभा, की आता याचा सुस्कारा ऐकू येईल. एक सुस्कारा, एवढीच माझी अपेक्षा होती! तर आतून आवाज काय यावा? "दादा! हँगर किती छान आहेत हो! लाकडी आहेत!" आता बोला. हरला तरी खूश! मग माझ्या जिंकण्यात काय राम राहिला? पण मी जळत नाही हं. जळणारा माणूस वेगळा दिसतो.

आता इथे मी एक गोष्ट केली. धाकट्याची एक खोड आहे, तो कुठलीही वस्तू आधी पाठीमागून बघतो. कपाट असो, खुर्ची असो, पहिल्यांदा भिंतीकडची बाजू. मला फार राग येतो. अहो, पुढून एवढी छान वस्तू आहे, ती बघायची सोडून तिच्या पाठीत काय शोधता? तर म्हटलं, याने आता येऊन बघू नये. यानं बघितलं की "वा दादा" म्हणणार, मग स्वतःच्या बायकोला फोन करणार, मग धाकटी थोरलीला सांगणार, आणि माझ्या आरशाची बातमी माझ्या घरी त्याच्या तोंडून पोहोचणार. नकोच ते! मी पटापट गोधड्या टाकल्या, चादरी गुंडाळल्या, वरून दोरी. इतकी दोरी, की टेबल आहे का कपाट आहे का उभं राहिलेलं आजारी माणूस आहे, काही कळू नये. तो दारात आला. "दादा, काय मिळालं?" म्हटलं, "काही नाही रे, जुनं कपाट." तो म्हणाला, "मागून बघू का जरा?" म्हटलं, "काही बघायचं नाही. तू जा, आज मी एकटा नेतो." तो म्हणाला, "एकटे? कंबर सांभाळा." आणि गेला. हँगरची बादली घेऊन, शीळ घालत.

टेम्पो केला, दोन हमाल घेतले, घरी आलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला सरसर. एक हमाल पुढे, दुसरा मागे, त्याच्या मागे मी, कमरेची टेप माझ्या पोटात टोचतेय, मी तिला बाजूला सारतोय... टेप, लक्षात ठेवा! दुसऱ्या मजल्याच्या पुढे जिना वळतो. तिथे टेबल वळलं, वळलं, वळलं आणि थांबलं. मागे घ्या म्हटलं, तर मागेही येईना. वर लोटा, तर कठड्यात रुतलं. हमालांनी घाम गाळला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यातला एक अगदी सरळ मनाने म्हणाला, "शेठ, जिना मोजला नव्हता का?"

अख्ख्या गावाचे जिने मोजले हो मी! कुणाचा कुठे वळतो, कुणाचा कठडा किती आत, सगळं मला पाठ आहे. स्वतःच्या जिन्यावरून रोज चढतो उतरतो, तो मोजायचं कधी सुचलंच नाही. हमालांना दुसरीकडे जायचं होतं, ते गेले. आणि मी टेबलाच्या खालच्या बाजूला, दोन्ही हातांनी धरून उभा.

मग जी काय गंमत! वरच्या आजींना खाली यायचंय, त्या येऊ शकत नाहीत, त्यांनी पिशवी गॅलरीतून दोरीने खाली सोडली. खालच्या मजल्यावरचे मास्तर वर क्लास घ्यायला जातात, ते टेबलाखालून रांगत गेले, आणि जाताना मला म्हणाले, "चालू द्या तुमचं." काय चालू द्या? आणि वरच्या बाजूला बायको येऊन उभी. ती वर, मी खाली, मधे टेबल. आमच्या संसारात इतकी भक्कम वस्तू पहिल्यांदाच आली, आणि ती नेमकी आमच्या दोघांच्या मधे! ती विचारतेय, "अहो, आहे तरी काय हे?" मी म्हणतो, "नंतर सांगतो." ती म्हणते, "गोधड्या कुणाच्या आहेत? धुतल्यात का?" आता या प्रसंगी गोधड्या धुतल्यात का?

आणि मग तिने तेच केलं जे तिने करू नये अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. बहिणीला फोन केला. तिथे घड्याळाचे ठोके पडत असणार. धाकटा अंघोळीला जात होता, तसाच आला. हातात काय? अर्धे हँगर! "दादा, हे तुमच्यासाठी वेगळे काढले होते, येतच होतो." मला तिथल्या तिथे जिन्यात विरघळून जावंसं वाटलं.

तो टेबलाखालून रांगत वर गेला. का? पाठीमागून बघायला, दुसरं काय! मला वरून त्याचा आवाज येतोय, शांत, जसा काही कपाट नाही, मांजर पकडतोय. "दोरीच्या गाठी फार छान मारल्यात दादा..." मग दोरी सोडल्याचा आवाज. मग गोधडी सरकल्याचा आवाज. आणि मग तो म्हणाला, "दादा, याच्या पाठीला चार नट आहेत. हाताने फिरतात. आरसा सुटा होतो."

सुटा होतो! ऐकलंत? चार नट! मी गोधड्या गुंडाळल्या नसत्या तर ते मलाही दिसले असते. नसते दिसले म्हणा, मी पाठीमागून बघतच नाही. त्याने ते फिरवले, आरसा अलगद बाहेर काढला, बायकोने एका बाजूने धरला, आणि वर नेला. उरलेलं टेबल मग असं वळलं जिन्यात, जणू त्याला सवयच होती. मी मागून नुसता हात लावून चढत होतो. कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, मी ढकलतोय.

वर आलो तर आरसा भिंतीला टेकवलेला आणि बायको त्याच्यासमोर उभी. पुढे झाली, मागे झाली. स्वतःची पावलं बघितली, मग हळूच वर चेहऱ्यापर्यंत आली. एका बाजूला वळली, पाठ बघितली. घरातलेच कपडे होते, केस विस्कटलेले, हाताला गोधडीची धूळ. आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी बरी दिसते की."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं. जिना नाही, टेप नाही, साडू नाही. वाटलं, इतकी वर्षं ही हे ऐकायला माझ्याकडे येत होती आणि मी न बघता "छान" म्हणत होतो. त्या दिवशी मी बघितलं. खरंच बरी दिसते हो!

पण हे किती वेळ टिकावं? तिने वळून धाकट्याला म्हटलं, "भावोजी, तुमच्यामुळे आला आरसा." झालं! माझ्या पोटात ती स्प्रिंग परत घुसली. सकाळपासून राबलं कोण? दोरी बांधली कोणी? जिन्यात अडकलं कोण? आणि धाकटा काय म्हणाला असेल? म्हणायला नको होतं त्याने ते. तो म्हणाला, "छे छे ताई, दादांनीच आणलाय. मला हात लावू दिला नाही, बघूही दिलं नाही. तुम्हाला अचानक दाखवायचा होता ना त्यांना, म्हणून." आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला खरंच तसं वाटतंय! बायकोने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. आता मला सांगा, अशा माणसाचं करायचं काय? तो जरा वाईट असता तर माझं किती सोपं झालं असतं!

मग तो हँगर ठेवून गेला, बायको चहा ठेवायला आत गेली, आणि मी आरशासमोर एकटा. म्हटलं, बघू तरी. आजवर त्या ताटलीएवढ्या आरशात नुसतं तोंड बघत आलो, आणि त्या तोंडावरच बोलत आलो ना मी, की मी जळत नाही, जळणारा माणूस वेगळा दिसतो...

तर बघितला तो माणूस. अख्खा बघितला. बुटका आहे, पोट सुटलंय, कमरेला टेप लटकतेय, आणि शर्टाचं खालचं बटण कित्येक वर्षं चुकीच्या काजात जातंय.